घडीच्या टेबलावर रिलोडिंग
अमेरिकेत छोट्या अपार्टमेंटमध्ये राहून काडतुसं स्वतः भरायची, तर ‘वर्कमेट’सारखं घडीचं टेबल पुरतं. (भारतात परवान्याशिवाय हे करणं शस्त्र अधिनियम, 1959 खाली गुन्हा आहे.) प्रेस (काडतुसं भरायचं हँडलचं यंत्र) जाड प्लायवूडच्या फळीवर बोल्टने बसवा. फळीच्या खालून एक लाकडी पट्टी ठोका आणि ती टेबलाच्या जबड्यात (वरच्या दोन फळ्यांमधल्या फटीत) आवळा. काम संपलं की फळीसकट प्रेस कपाटात. हँडल दाबताना टेबल पुढे कलंडतं, म्हणून खालच्या पायरीवर वाळूची पिशवी ठेवा. हे सुचायला मला फार वेळ लागला! बंदुकीची दारू मोजायचा वजनकाटा मात्र दुसऱ्या टेबलावर, पंख्यापासून लांब. दारू मूळ डब्यातच, आणि एका वेळी एकच डबा बाहेर.