अँटी-सीझ कुठे, ग्रीस कुठे

डिस्क ब्रेक खोलला की अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) आणि ग्रीस, दोन्ही डब्या लागतात आणि घोळ तिथेच होतो. मी एकदा कॉपर अँटी-सीझ कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनला, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या पिनला, फासलं, म्हटलं आता जन्मात जाम होणार नाही, तर काही महिन्यांतच पिन अडकली आणि रबर बूट फुगून बसला. तिथे ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लागतं.

अँटी-सीझ म्हणजे तांबं, ॲल्युमिनियम, निकेल नाहीतर ग्रॅफाइटची बारीक पूड ग्रीसमध्ये घोटलेली. तापून तेल उडून गेलं तरी पूड आट्यांत राहते, म्हणून बोल्ट वर्षांनी पण सुटतो. कॉपरवालं साधारण ९८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, साधं लिथियम ग्रीस १९० च्या आसपासच ओघळायला लागतं. त्यामुळे सायलेन्सरचे नट, स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गेलेला, असं जे एकदा आवळून तसंच राहणार तिथे अँटी-सीझ, आणि जे फिरतं-सरकतं तिथे ग्रीस. बेअरिंगमध्ये अँटी-सीझ अजिबात नको, ती पूड गोळ्यांखाली चिरडत राहते.

आणि दोन्ही एकत्र कालवू तर नकाच. अँटी-सीझमधली पूड विरळ होते, ग्रीसचा साबण (तेल घट्ट धरून ठेवणारा भाग) वेगळा असेल तर सगळंच पातळ होऊन गळतं. एकाच पार्टवर दोन्ही लावायचं असेल, म्हणजे हबच्या आत बेअरिंग आणि बाहेर चाक टेकतं ती कडा, तर आधी ग्रीसचं काम संपवा, हात पुसा, मग वेगळा ब्रश घेऊन कडेला पातळ अँटी-सीझ, स्टडला (चाकाचे नट बसतात त्या दांड्यांना) आणि डिस्कला न लागेल असं.

आटे आधी वायर ब्रशने साफ करा, गंजावर लावून उपयोग नाही. थर इतकाच की खालचे आटे दिसले पाहिजेत. (बोटाला लागलं तर दाराच्या कडीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे जातं, ग्लोव्हज घालाच.)

टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, मात्र लक्षात ठेवा. कोरड्या बोल्टवर आपला ९० टक्के जोर घासण्यातच जातो, जेमतेम १० टक्के बोल्ट ताणतो. अँटी-सीझ लावून आटे ओले झाले की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, मग आटे मरतात नाहीतर बोल्ट तुटतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर साधारण २० टक्के तरी कमी धरा, डबीवर वेगळं लिहिलं असेल तर ते बघा. चाकाच्या नटाला मी काहीच लावत नाही, मॅन्युअलमध्ये कोरडं लिहिलंय तर कोरडंच.