जाहिरातीतलं ‘इसेन्शियल’ नीट वाचा

गोवा सरकारच्या नोकरीची जाहिरात वाचताना पात्रतेच्या रकान्यात आधी ‘इसेन्शियल’ आणि ‘डिझायरेबल’ हे दोन शब्द शोधा. इसेन्शियल म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही ते: पदवी, अनुभव, बहुतेक ठिकाणी कोकणीचं ज्ञान. यातलं एक जरी नसलं, तर अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. डिझायरेबल म्हणजे असलं तर उत्तम. मराठी सहसा या दुसऱ्या ओळीत असते (१९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली, त्यावरचा वाद इथे नको). म्हणजे मराठी येत नसली तरी अर्ज करता येतो.

‘रिक्विझिट’ हा ‘इसेन्शियल’चाच चुलतभाऊ, पण जरा कचेरीतला. तो नामाआधी लावतात: ‘रिक्विझिट डॉक्युमेंट्स’, म्हणजे त्या कामासाठी ठरवून दिलेली कागदपत्रं. रहिवासी दाखला जोडायचा राहिला की हमखास हाच शब्द ऐकू येतो. ‘रिक्विझिशन’ मात्र वेगळं, ते मागणीपत्र.

आणि अर्जात ‘व्हेरी इसेन्शियल’ लिहू नका. नुसतं ‘इसेन्शियल’ पुरतं. जोर हवाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावा.