जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढताय? भाव ठरवताना या चुका टाळा

बहुतेक मालक भाव ठरवायला बसतात ते बिलांची फाइल उघडून. इंजिनाचं काम इतक्याचं, रंग इतक्याचा, सीटचं चामडं इतक्याचं. बेरीज केली की झाला भाव! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुमचा किती खर्च झाला याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. गाडी घेतल्यावर आपला खिसा किती हलका होणार, एवढंच ते मोजतं.

पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१) घ्या. हिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर जाणकार माणूस तो बदललेलाच नाही असं धरून चालतो आणि बेल्ट, रोलर, वॉटर पंप हा सगळा खर्च तुमच्या आकड्यातून वजा करतो. गाडी कितीही चकाकत असो. उलट विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा रंग बघून त्याला पहिली शंका येते ती खाली गंज आणि पुट्टी असल्याची, आणि तो खिशातून लोहचुंबक काढतो; पुट्टीवर ते चिकटत नाही. पैसे घालायचेच असतील तर बेल्टवर घाला, रंगावर नको. बिलांची फाइलही इथेच कामाला येते: बेरजेसाठी नव्हे, पुरावा म्हणून.

दुसरी चूक म्हणजे जाहिरातींतले आकडे प्रमाण मानणं. तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. शिवाय रास्त भावाची गाडी चटकन विकली जाते आणि जाहिरात उतरते. अवाच्या सव्वा भावाची मात्र महिनोन्‌महिने तिथेच दिसत राहते. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर राहतात त्या न विकलेल्याच गाड्या! लिलावांचे निकाल जास्त भरवशाचे, पण जाहीर झालेल्या रकमेत पुष्कळदा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं कमिशनही धरलेलं असतं. ते विकणाऱ्याच्या हाती येत नाही.

तुलना करायची तर नेमक्या त्याच गाडीशी करा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला १९७४च्या अखेरीपासून क्रोमच्या जागी काळे रबरी बंपर आले, गाडीची उंचीही वाढवली. शौकिनांची पसंती बहुधा आधीच्या क्रोमवालीला. जॅग्वार ई-टाइपचं उत्पादन १९६१ ते १९७४ असं चाललं. त्यात ३.८ लिटर, ४.२ लिटर आणि पुढे बारा सिलिंडरचं व्ही-१२ अशी इंजिनं आली, आणि प्रत्येकीचा बाजार वेगळा. कारखान्यातून आलेलं मूळ इंजिन अजून गाडीत आहे का, हे चेसिस आणि इंजिन नंबर नोंदींशी ताडून आधीच बघून ठेवा. गिऱ्हाइकाने ते शोधून काढलं की घासाघिशीत तुमची बाजू पडलीच.

मीटरचंही तसंच. जुन्या मीटरला पुष्कळदा पाचच आकडे असतात, म्हणून ४२,००० म्हणजे १,४२,०००ही असू शकतात. कागद नसतील तर ‘कमी चाललेली’ म्हणून जास्त मागू नका. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. इतके जुने टायर गिऱ्हाईक बदलायचेच म्हणून धरतं.

आणि ‘उभी केली तेव्हा चालू होती’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल खराब होतं, ब्रेक कॅलिपर जाम होतात, रबरी पाइप तडकतात. एकतर ती चालू करा, नाहीतर बंद गाडीचा भाव लावा. ‘थोडंसं काम केलं की सुरू होईल’ वाचून कुणालाही वाटणार, मग तुम्हीच का नाही केलंत?

जाहिरात दिल्यावर फोनच येत नसतील, तर भाव चढा आहे किंवा फोटो वाईट आहेत. आधी खालून काढलेले फोटो टाकून बघा. लोक येतात, गाडीभोवती फिरतात आणि निघून जातात? मग बहुधा वर्णन आणि गाडी जुळत नाही. भाव उतरवण्याआधी वर्णन दुरुस्त करा. पहिल्याच दिवशी तिघे जण न बघता पूर्ण पैसे द्यायला तयार झाले, तर मात्र बयाणा घेऊ नका. चेसिस नंबर घेऊन पुन्हा नोंदी चाळा. गाडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा दुर्मीळ मॉडेलची असू शकते.