स्वस्त .२२ रिव्हॉल्व्हरचा जड चाप सुधारताना

टॉरस ९४ सारख्या नऊ काडतुसांच्या .२२ एलआर (लाँग रायफल) रिव्हॉल्व्हरचा चाप डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर आधी मागे न ओढता, दाबला की बोटावर बारा पौंडांहून, म्हणजे साधारण साडेपाच किलोंहून, अधिक भार येऊ शकतो. असा चाप दाबताना नळी हलते, नेम चुकतो आणि सराव कंटाळवाणा होतो. हा चाप बराच सुधारता येतो. मात्र प्रयत्न खडबडीतपणा घालवण्याचा असावा आणि वजन कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी यावा, असे माझे ठाम मत आहे.

या मताला काडतुसाची रचनाच कारण आहे. .२२ एलआर काडतुसातील स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेले असते, आणि ते पेटण्यासाठी फायरिंग पिनने ती कड चेंबरच्या काठावर चेपावी लागते. मध्यभागी वेगळे प्रायमर असलेल्या काडतुसापेक्षा येथे अधिक जोरदार आघात लागतो, म्हणून उत्पादक हॅमरची मुख्य स्प्रिंग मुद्दाम कडक ठेवतात. ती अविचाराने हलकी केली, तर चाप मऊ होतो पण काडतुसे फुटेनाशी होतात.

पुढील माहिती अमेरिकेतील कायदेशीर शस्त्रधारकांसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, त्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावे. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक बाळगण्यासच संघीय कायद्याने मनाई आहे, हेही मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रथम सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी आणि सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. त्यानंतर चेंबरांत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची नकली काडतुसे, घालाव्यात, कारण रिकाम्या रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात करणाऱ्या, रिव्हॉल्व्हरचा चाप दाबल्यास फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळून तेथे खड्डा पाडू शकते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप अगदी हळू दाबत सिलिंडर पूर्ण फिरवावा. भार काही ठरावीक चेंबरांवरच वाढत असेल, तर दोष बहुधा सिलिंडरकडे आहे; सर्वत्र सारखाच असेल, तर तो स्प्रिंग आणि आतल्या घर्षणात शोधावा. चाप मोजण्याचा काटा असल्यास दहा वाचनांची सरासरी लिहून ठेवावी.

.२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखे वंगण असते आणि त्याचा चिकट थर, काजळी व न जळलेली दारू एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली साचते. चांदणी तेथे किंचित जरी उचलली गेली, तरी सिलिंडर अडखळत फिरतो. ही जागा, सिलिंडरचा दांडा आणि चेंबर ब्रशने स्वच्छ करावेत व एक्स्ट्रॅक्टरचा रॉड सैल झाला आहे का तेही पाहावे. एवढ्यावरच चाप लक्षणीय सुधारल्याचे अनेकदा आढळते.

यानंतर आतील भाग. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरावा, आणि साइड प्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचे झाकण, कधीही उचकटू नये. स्क्रू काढल्यावर फ्रेमवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोकले की ती आपोआप वर येते. प्लेट काढलेली असताना हॅमर पूर्ण ताणाखाली सोडू नये, कारण त्याची खुंटी वाकू शकते. हॅमरची मुख्य कॉइल स्प्रिंग ज्या पट्टीवर सरकते, ती पट्टी स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये बरेचदा साच्यातून कापलेली आणि कडेने खरबरीत असते. सपाट काचेवर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तिच्या लांब कडा गुळगुळीत कराव्यात. सर्वांत कमी धोक्यात सर्वांत जास्त फायदा देणारे काम हेच आहे. हॅमरच्या बाजूंना मार्करची शाई लावून, जोडणी करून काही वेळा चाप दाबल्यास घासणाऱ्या जागा उघड्या पडतात. तेवढ्याच जागा चमकवाव्यात, जास्त धातू काढू नये.

हॅमरच्या खाचेला आणि तीत अडकणाऱ्या चापाच्या टोकाला मात्र घरी हात लावू नये. तेथील कठीण थर पातळ असू शकतो, आणि कोन किंचित बदलला तरी चढवलेला हॅमर धक्क्याने सुटण्याची भीती असते. तेथे दोष दिसल्यास शस्त्र अनुभवी गनस्मिथकडे द्यावे.

स्वच्छ केलेले भाग पातळ तेलाचे थेंब देऊन जोडावेत आणि स्नॅप कॅपसह काहीशे वेळा चाप दाबावा, म्हणजे घासणारे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. तरीही भार नकोसा वाटला, तर प्रथम चाप परत आणणारी स्प्रिंग एक पायरी हलकी घ्यावी, आणि चाप झटकन पुढे येत नसल्यास मूळ स्प्रिंग परत बसवावी. मुख्य स्प्रिंग त्यानंतर. तिचे वेढे कापू नयेत. त्या मॉडेलसाठी बनवलेली तयार स्प्रिंगच घ्यावी.

नवी मुख्य स्प्रिंग बसवल्यावर रेंजवर तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून किमान शंभर काडतुसे डबल अ‍ॅक्शनमध्येच उडवावीत. काडतूस न फुटल्यास नळी लक्ष्याकडे धरून तीस सेकंद थांबावे, मगच सिलिंडर उघडून कडेवरील खूण तपासावी. खूण उथळ असेल, तर मूळ स्प्रिंग परत बसवावी. खूण खोल असून तेच काडतूस दुसऱ्या आघाताने फुटत असेल, तर घाणेरड्या चेंबरमुळे पुंगळी पूर्ण आत बसली नसण्याची शक्यता अधिक, आणि तेथे स्प्रिंगऐवजी चेंबरचा ब्रश हाती घ्यावा.