चार चाकांचं वजन जुळवताना या चुका टाळा: काट्याआधी कोबा बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या भाड्याच्या शेडमध्ये मी ट्रॅकची गाडी पहिल्यांदा चार काट्यांवर, म्हणजे प्रत्येक चाकाखाली एक वजनकाटा ठेवून, चढवली, तेव्हा आकडे आले ते असे: पुढचं डावं २९२, पुढचं उजवं ३२८, मागचं डावं १९८, मागचं उजवं १८२. ड्रायव्हरसकट १००० किलो. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ५२६, म्हणजे ५२.६ टक्के. डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकसाठी हे तिरपं वजन ५० टक्क्यांच्या आसपास लागतं. दुपारभर सी-पाना घेऊन स्प्रिंगखालच्या, तो कोपरा वर-खाली करणाऱ्या चकत्या फिरवल्या, दोन्ही कर्णांवर ५००-५०० आणलं आणि कोइमतूरला गेलो. करी मोटर स्पीडवेवर उजव्या वळणात गाडीचं नाक बाहेर पळायचं, डाव्यात शेपूट. जोरात ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक सगळ्यांच्या आधी लॉक. गाडी धड होती, बिघडवली मी.

कोब्याचा ढाळ

कारण कळलं ते महिन्याभरानं, शेडच्या भिंतीचं काम करायला गवंडी मामा आले तेव्हा. काटे कुठं ठेवतो ते त्यांनी बघितलं आणि हसले. "ह्यो कोपरा खालीच हाय की ओ. मोरीकडं ढाळ मीच दिलाय." बेळगावचा पाऊस बघता त्यांचं काही चुकलं नव्हतं, शेडमध्ये शिरलेलं पाणी कुठून तरी जायला हवंच. मागच्या उजव्या चाकाचा काटा इतर तिघांपेक्षा ६ मिलिमीटर खाली होता.

सहा मिलिमीटरनं काय होतं? चारी चाकांशी ८ किलोची स्प्रिंग धरा, म्हणजे १ मिलिमीटर दबायला ८ किलो लागणारी. एक कोपरा ६ मिलिमीटर खाली गेला की ते चाक आणि त्याच्या समोरचं तिरपं चाक प्रत्येकी सुमारे १२ किलोनं हलकं दिसतं, उरलेली दोन तेवढीच जड. कर्णावर फरक २४ किलोचा. म्हणजे माझे ५२६ प्रत्यक्षात ५०२ होते! जवळपास जुळलेली गाडी मी वाकड्या जमिनीवर 'दुरुस्त' करून ४७.६ टक्क्यांवर नेऊन ठेवली होती.

सगळी जमीन एकाच दिशेला सरळ उतरती असेल तर आकडे फार फसवत नाहीत. चारातला एकच कोपरा खाली-वर असला की घात होतो, डुगडुगणाऱ्या खाटेसारखा. त्यासाठी लेझर लेव्हल विकत घ्यायची गरज नाही. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणा, आतले बुडबुडे काढा आणि माप काट्याच्या माथ्याला घ्या, जमिनीला नको. काट्यांखाली पत्र्याचे तुकडे घालून फरक १ मिलिमीटरच्या आत आणा. काट्यांच्या जागा जमिनीवर ऑइलपेंटनं आखून ठेवा, पत्र्यांवर नंबर टाका. आमच्या शेडमध्ये मोरीकडचा चार नंबर अजून तसाच आहे.

रिकामी सीट, ताणलेला बार

गाडी उभी करताना बाकीच्या चुका लहान असतात, पण त्या साचत जातात. ड्रायव्हर नसेल तर त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवा. २५ किलोच्या तांदळाच्या पिशव्या चालतात, मात्र एक पायांच्या जागेतही हवी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे परदेशी व्हिडिओतले आकडे वहीत उतरवताना विसरू नका. पेट्रोल शर्यतीच्या मध्यावर असतं तेवढं ठेवा, कारण ३० लिटर म्हणजे वीसेक किलो. चारी टायरची हवा आधी ठरवून भरा.

स्टॅबिलायझर बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून वळणात गाडी झुकू न देणारी दांडी, तिच्या लिंका सोडायलाच हव्यात. बार ताणलेला असला तर तो स्वतःच एका बाजूला वजन ढकलतो आणि तुम्ही स्प्रिंगला दोष देत बसता. वजन जुळल्यावर, सीटवर ओझं असतानाच, लिंकची लांबी बदलून ताण न येता जोडा.

जॅक काढल्याबरोबर आकडा लिहू नका. टायर आडवे अडकलेले असतात. गाडी थोडी मागे-पुढे ढकला, बॉनेट आणि डिकी दाबून हलवा. टायरखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवले तर गाडी पटकन बसते. लागोपाठ दोनदा मोजून २-३ किलोपेक्षा जास्त फरक येत असेल तर कुठं तरी बुश किंवा शॉकअप अडकतोय. आधी ते शोधा.

चकती फिरवून न सुटणारी गोष्ट

नवशिक्यांचा सगळा दिवस इथं जातो. माझ्या गाडीत डावीकडे ४९०, उजवीकडे ५१०. पुढे ६२०, मागे ३८०. चकत्या कितीही फिरवा, या चार बेरजा हलत नाहीत. बदलतो तो फक्त कर्ण. डावी बाजू जड करायची असेल तर बॅटरी तिकडं हलवा, वजनदार काही तरी काढा. चारी चाकांवर २५०-२५० आणायचा हट्ट सोडा, इंजिन पुढे आहे.

एकच कोपरा भरपूर वर उचलणं ही दुसरी चूक. कर्ण जुळेल, पण गाडी तिरकी उभी राहील. जड कर्णावरची दोन्ही चाकं थोडी उतरवा, हलक्या कर्णावरची दोन्ही तेवढीच उचला. एका वेळी अर्धा फेरा, मग गाडी हलवून पुन्हा मोजणं.

अमेरिकेतल्या ओव्हल ट्रॅकसाठीचा ५२-५३ टक्क्यांचा सल्लाही इथं आणू नका. तिथं गाडी फक्त डावीकडे वळते.

काही जण सांगतात, ऊस तोलणाऱ्या वजनकाट्यावर एकेक चाक चढवून बघ. निपाणीपासून खानापूरपर्यंत असे काटे ढीगभर आहेत, पण ते ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं वाचतात. पुढचं-मागचं एकूण वजन तिथं ठीक कळेल. कर्णासाठी त्याचा उपयोग नाही.

अलाइनमेंट आधी करून घेणं

उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक उभ्यात झुकलेलं असण्याचा कोन) दोन्ही सरकतात. म्हणून आधी वजन, मग अलाइनमेंट, आणि त्यानंतर एकदा पुन्हा काट्यावर. चकत्यांचे लॉकनट आवळताना चकतीही सोबत फिरते, तेव्हा आवळण्याआधी मार्करनं चकतीवर आणि शॉकअपच्या बॉडीवर एक उभी रेघ मारून ठेवा.