फीडबॅक नको, तपासणी हवी: बाहेरचे परीक्षक बोलावण्याआधीची तयारी

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेसाठी विद्यार्थी, शिक्षक, उद्योग आणि माजी विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म भरून घेणं बहुतेक कॉलेजांना जमतं. विद्यार्थी नेमकं काय शिकले, हे त्यातून क्वचितच कळतं. त्यासाठी बाहेरच्या माणसांसमोर मुलांचं प्रत्यक्ष काम ठेवावं लागतं, आणि तयारी लागते ती त्याचीच.

आधी तारीख. नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सीताबर्डीकडचे रस्ते मोर्च्यांनी अडतात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी असते आणि मे महिन्याच्या उन्हात कोणी फिरकत नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरा. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतून माणूस येणार असेल तर त्याची शिफ्ट आणि साप्ताहिक सुटी विचारून घ्या. बैठक दोन तासांत आटपा.

निमंत्रण एचआरच्या नावाने गेलं तर एचआरच येतात, सही करतात, चहा घेतात. आपली मुलं रोज ज्याच्या हाताखाली काम करतात तो शिफ्ट इंजिनीअर किंवा टीम लीडर हवा, असं पत्रात स्पष्ट लिहा. माजी विद्यार्थी २ ते ५ वर्षांपूर्वी पास झालेले बघा. त्याआधीच्यांचा अभ्यासक्रमच बहुधा वेगळा असतो. नोकरी न मिळालेला एक तरी असू द्या. पालकांना सीओ-पीओचे (विषयातून आणि पूर्ण पदवीतून काय यायला हवं, त्याचे) रकाने देऊ नका, अंदाजे खुणा करून देतात. पोरगी आपला प्रोजेक्ट घरी समजावून सांगू शकते का, एवढंच विचारा.

आता खरं काम. सहा प्रोजेक्ट रिपोर्ट निवडा: दोन वरचे, दोन मधले, दोन काठावरचे. नाव, रोल नंबर, गाईडचं नाव झाका. आभाराचं पान काढायचं राहतं आणि तिथेच सगळं उघड होतं. रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचा तक्ता, एका पानाचं, चार निकष, चार पातळ्या. ‘विश्लेषण चांगले’ असं लिहिलंत तर प्रत्येक जण आपापलं ‘चांगले’ मोजतो. त्याऐवजी ‘आलेखाच्या अक्षांवर एककं आहेत, निष्कर्ष आकड्यांवरून निघतो’ असं लिहा. यांखेरीज एक सातवा रिपोर्ट सगळ्यांनी मिळून तपासा, पंधरा मिनिटं पुरतात. मग सहाही रिपोर्ट प्रत्येकाने न बोलता, स्वतंत्र.

गुण आले की लगेच सरासरी काढू नका. प्राध्यापकांचे ४ आणि इंजिनीअरचे २ आले तर दोघांनाही रिपोर्टमधलं पान दाखवायला सांगा. बहुधा प्राध्यापक मुलाची वर्षभराची धडपड मोजत असतात, बाहेरचा फक्त कागद. सरासरी ३ धरली की ही माहितीच बुडाली.

अटेनमेंटमध्ये, म्हणजे ठरलेलं किती साधलं याच्या हिशोबात, प्रत्यक्ष (मुलांच्या कामावरून) ८० आणि अप्रत्यक्ष (मतांवरून) २० टक्के हे प्रमाण अनेक विभाग धरतात. सर्व्हे २० मध्ये जातो; ही तपासणी प्रत्यक्षच्या ८० मध्ये धरायची का, ते विभागाच्या बैठकीत आधीच ठरवून मिनिट्समध्ये घ्या. आकडे बघून प्रमाण बदललं, तर कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती तेच आधी विचारेल.

विषय संपल्यावर मुलांकडून घ्यायचा कोर्स एक्झिट सर्व्हे निनावी असावा, इंटर्नल गुण लॉक झाल्यावर घ्यावा, आणि तो विषय शिकवणाऱ्याने वर्गात उभं राहून घेऊ नये.

सूचना लिहिताना दोन याद्या करा. संलग्न कॉलेजला नागपूर विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलता येत नाही, ते अभ्यासमंडळाकडे पाठवायचं. असाइनमेंट, व्हायव्हाचे प्रश्न, प्रोजेक्टचं रुब्रिक मात्र आपल्या हातात. त्यांची जबाबदारी आणि तारीख त्याच दिवशी लिहा. सूचनांवर काय केलं याचा ॲक्शन टेकन रिपोर्ट वेबसाइटवर टाकताना एक प्रत आलेल्या प्रत्येकाला मेल करा, पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाआधी.