लिनक्सचे घड्याळ चुकत असेल, तर या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतील एका छोट्या मराठी वाचनालयात देवघेवीच्या नोंदींसाठी लिनक्सचा जुना संगणक आहे. तेथील काका रोज सकाळी मनगटावरच्या घड्याळात पाहून त्याची तारीख आणि वेळ हाताने लावत, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काही वर्षे मागे गेलेली असे. घड्याळ नेमके किती चुकले आहे हे टिपून न घेता ते पुढेमागे करणे, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण बहुतेक वेळा त्या फरकावरूनच कारण ओळखता येते.

संध्याकाळी साडेसहाला रात्रीचे बारा वाजलेले दिसत असतील, म्हणजे फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर त्याच संगणकावर विंडोजही आहे का ते पाहावे. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवते. अशा वेळी टाइमझोन बदलून वेळ जुळवू नये. तो 'एशिया/कोलकाता' हाच ठेवून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करावी.

वाचनालयातील दुखणे वेगळे होते. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की मदरबोर्डचे घड्याळ केवळ सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या बटण-बॅटरीवर चालते, आणि ती पार संपली होती. तरीही नेटवरून वेळ आपोआप सुधारायला हवी होती; पण 'टाइमडेटसीटीएल' ही लिनक्समधील वेळ लावण्याची आज्ञा स्वयंचलित जुळणी चालू असताना हाताने वेळ लावू देत नाही, म्हणून कोणीतरी ती जुळणीच बंद करून ठेवली होती. तारीख जुनी असल्याने ब्राउझर संकेतस्थळांची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे नाकारत असे, आणि दोष मात्र नेटच्या जोडणीला दिला जात होता.

जुळणी चालू असूनही वेळ सुधारत नसेल, तर राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवरून वेळ येण्याची वाट, अडवत नाही ना, हे तपासावे. क्रोनी आणि सिस्टमडीची वेळ-सेवा ही दोन्ही नेटवरून वेळ जुळवणारी साधने आहेत; ती एकाच वेळी चालवू नयेत.

जुळणी पूर्ण झाल्यावर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साधारण दर ११ मिनिटांनी मदरबोर्डच्या घड्याळात वेळ लिहिते. त्यामुळे नवी बॅटरी बसवल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवावा, रात्री बटण बंद करावे आणि सकाळी नेटची तार न जोडता वेळ पाहावी. ती बरोबर निघाली, तर बॅटरी ठीक बसली आहे.